दोनच पाकळ्या

“दोनच आहेत, माई,” डॉक्टर म्हणाले आणि कागदावर काढलेल्या गोलात त्यांनी पेनाने एक आडवी रेघ मारली. “तीन पाकळ्या पाहिजेत. उघडणार, मिटणार, रक्त पुढे जाणार. तुमच्या हृदयाच्या झडपेला दोनच. जन्मापासूनच असं.”

रखमाबाई त्या गोलाकडे बघत राहिली. शेजारच्या खुर्चीवर तिची मुलगी माधवी फोनमध्ये सगळं लिहून घेत होती.

बत्तीस वर्षं रखमाबाई अंबरनाथच्या शिवमंदिराबाहेर बेल विकत होती. पान हातात आलं की अंगठा देठावरून फिरायचा. तीन दलं शाबूत असली की पान उजवीकडे टोपलीत. एखादं गळून दोनच उरलेली असली की डावीकडे, मातीत. दोन दलांचं पान पिंडीवर वाहत नाहीत. हे तिला कधी मोजावं लागलं नव्हतं, बोटांनाच कळायचं.

हॉस्पिटल उल्हासनगरचं आणि डॉक्टर प्रीतमही तिथलेच, कॅम्प तीनमध्ये वाढलेले सिंधी. मराठी बोलता बोलता हिंदीवर घसरायचे. आज मात्र सावकाश, शब्द शोधून बोलत होते.

“छाती उघडून ऑपरेशन करायचं तर फुप्फुसं साथ देणार नाहीत. म्हणून मांडीच्या नसेतून नवीन झडप वर न्यायची. ते आम्ही नेहमी करतो. पण माईची आतली ठेवण जरा टेढी आहे. मांडीची नस सरळ नाही, वळणं घेत जाते. हृदयातून निघणारी मोठी नस चढती पाहिजे, ती जवळजवळ आडवी पडलीय. झडप बसायची जागा गोल पाहिजे, ती लांबट. वर चुन्याचे खडे, ते पण सगळे एकाच साइडला. नवीन झडप टेकणार कशावर, हा सवाल आहे.”

“म्हणजे होणार नाही का?” माधवीने विचारलं.

“होणार. वेळ लागेल. दोन दिवस मी फक्त यांचा सीटी बघत बसलोय.” त्यांनी कागदाची घडी घातली. “अजून एक. ही चीज कधी कधी घरात चालत येते. मुलांचं, नातवंडांचं एको करून घ्या. सोनोग्राफीसारखंच असतं, छातीवरून. मुलं किती?”

“मी एकटीच,” माधवी म्हणाली.

“दोन,” रखमाबाई म्हणाली. खोलीत आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलत होती. “मुलगा होता. सुजित.”

“कशाने गेला?”

“सायकलवरून पडला.”

“गाडीने उडवलं?”

“नाही. नुसताच पडला. उठला नाही.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “वय?”

“विसावं सरत आलं होतं.”

“आधी काही तक्रार? चक्कर, धडधड?”

रखमाबाईने पदर सारखा केला. “त्याच सकाळी बोलला होता. छातीत पारवा फडफडतोय म्हणून.”

माधवीचं बोट फोनवर थांबलं. हे तिने कधी ऐकलं नव्हतं. ती तेव्हा नुकतीच सासरी गेली होती.

“त्या वेळी आतून कोणी तपासलं नसेल तर आज काहीच सांगता येणार नाही,” डॉक्टर म्हणाले. “तेच असेल असं नाही. असू शकतं, एवढंच. मनाला लावून घ्यायचं नाही.”

“माझ्याकडनं गेलं असेल त्याला,” रखमाबाई म्हणाली. रिक्षावाल्याला पत्ता सांगावा, तसं म्हणाली. मग उठून तिने चपला पायात सरकवल्या.

बाहेर बाकावर तिचा नवरा, नाथा, रिपोर्टची पिशवी मांडीवर धरून बसला होता. आत दोनच खुर्च्या आहेत म्हणून तो आत आला नव्हता.

“काय बोलला डॉक्टर?” त्याने माधवीला विचारलं.

“होईल म्हणतात, बाबा. थोडं अवघड आहे.”

“बरं.”

“निघायला हरकत नाही,” रखमाबाई समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली. नाथा उठला.

चोवीस वर्षं हे असंच चाललं होतं. सुजितला नाथानेच शब्द टाकून एमआयडीसीतल्या आपल्या कंपनीत हेल्पर म्हणून लावलं होतं. श्रावणातला सोमवार होता, फर्स्ट शिफ्ट. पोराने अंग जड झाल्याचं सांगितलं, आज जात नाही म्हणाला. नाथा म्हणाला, पहिल्याच महिन्यात खाडा केलास तर साहेबाला मी काय तोंड दाखवू. पोरगा गेला. कंपनीच्या गेटपासून हाकेवर सायकलसकट आडवा झाला. दहाव्याला, भाऊबंद बसलेले असताना, रखमाबाई नवऱ्याला म्हणाली, “तुम्ही पाठवलंत.” त्यानंतर तिने त्याला कशानेच हाक मारली नाही. भांडण नाही, अबोला म्हणावा असा अबोलाही नाही. चहा झालाय. डबा भरलाय. दारात कोणीतरी आलंय. पंखा बंद केला तरी चालेल. सगळी वाक्यं अशी, की ती कोणालाही उद्देशून असावीत. ‘अहो’ गेलं, ‘तुम्ही’ गेलं. नाथा मात्र तिला पूर्वीसारखाच ‘रखमा’ म्हणायचा. शेजाऱ्यांना वाटे, काय शांत जोडपं आहे. तिने देवाशीही वाकडं धरलं नाही. सोमवार सुटला नाही, प्रदोष सुटला नाही. जे धरायचं ते तिने एकाच माणसाविरुद्ध धरलं होतं.

घरी आल्यावर माधवीने चहा टाकला. नाथा बाहेर ओट्यावर शेजाऱ्यांचं वर्तमानपत्र घेऊन बसला होता.

“आई, बाबांना सांगणार ना?” माधवीने हळूच विचारलं.

“काय?”

“तुला माहित्ये काय ते.”

रखमाबाई कपबशा मांडत राहिली.

“चोवीस वर्षं तो माणूस मान खाली घालून जेवतोय. मी बघत्ये ना. टेबलावर काय होईल ते डॉक्टरच्या हातात नाही. त्याच्या आधी सांग. नाहीतर मी सांगते.”

“तू नाही सांगायचंस. ते माझं आहे.”

“मग कधी?”

“बघू,” रखमाबाई म्हणाली. ती रडेल असं माधवीला वाटलं होतं. रखमाबाईलाही वाटलं होतं. चहा उतू जायला आला, तिने गॅस बारीक केला.

ऑपरेशन बुधवारचं ठरलं. माधवीच्या ऑफिसच्या विम्यात आईवडील धरलेले होते, त्यामुळे खर्चाची बाजू निभावली. सोमवारी रखमाबाई टोपली घेऊन मंदिरापाशी बसली. दम लागायचा म्हणून हल्ली बेल नाथाच तोडून आणायचा, निवडायची ती. शेजारी धोत्र्याची फुलं आणि हार विकणारी विठा.

“काय गं रखमे, परवा नवा पार्ट टाकणार म्हणे तुझ्यात.”

“झडप बसवणार.”

“तुझ्या डॉक्टरला विचार, तोंडाला बसवतात का. आमच्या मालकांचं उघडलं की मिटतच नाही.” विठा हार ओवता ओवता हसली. “तुझं बरंय बाई. तुझे मालक बोलतच नाहीत.”

“बोलतात.”

“कधी?”

रखमाबाईने टोपली पुढे ओढली. एका बाईने एकशे आठ पानं मागितली. ती निवडून देऊ लागली. डॉक्टरांच्या खोलीतून आल्यापासून तिला वाटत होतं, दोन दलांचं पान हाती आलं की हात थबकेल. पान आलं. अंगठा फिरला आणि पान मातीत गेलं. मग आणखी एक. हात नेहमीसारखाच चालला होता. त्र्याण्णव, चौऱ्याण्णव. बाई म्हणाली, “मावशी, सुकलेलं नको हं.”

“ताजंच आहे. सकाळी तोडलंय.”

त्या सकाळीही ती अशीच निवडत होती. श्रावणी सोमवार, चार टोपल्यांचा बेल, मंदिराबाहेर रांग लागायच्या आत पोचायचं होतं. सुजित मागे उभा राहून म्हणाला, आई, छातीत पारवा फडफडतोय. ती म्हणाली, लिंबू पिळून पाणी घे. तिने मान वर केली नाही. हे वाक्य तिने बापाच्या वाक्याखाली इतकं खोल दाबून ठेवलं होतं, की गेल्या कित्येक वर्षांत ते तिला आठवलंच नव्हतं.

मंगळवारी तिला दाखल केलं. नाथा दिवसभर खुर्चीवर बसून होता. ती तीनदा त्याच्याकडे वळली. पहिल्यांदा म्हणाली, “खिडकी लावली तर बरं.” दुसऱ्यांदा म्हणाली, “टोपलीतल्या बेलावर ओलं फडकं घालायचं राहिलंय.” तिसऱ्यांदा तिने चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.

बुधवारी सकाळी ट्रॉली आली. नाथा सोबत चालत लिफ्टपर्यंत आला. माधवी आईकडे टक लावून बघत होती. लिफ्टचं दार उघडलं. रखमाबाईने तोंड उघडलं, आणि वॉर्डबॉय म्हणाला, “काका, तुम्ही जिन्याने या.” दार बंद झालं.

आत गारठा होता. गुंगीचं औषध दिलं होतं, पण झोप लागली नाही. मांडीच्या सांध्यात सुई टोचली, मग तिथलं काही कळेनासं झालं. कोणीतरी तिथे ओढतंय, दाबतंय एवढं जाणवायचं, पण ते दुसऱ्याच कोणाच्या अंगावर चाललंय असं वाटायचं. ते न कळणं तिला नवीन वाटलं नाही.

“वायर अडकतेय.”

“कडक वाली द्या. नस सरळ होऊ दे आधी. जबरदस्ती नाही करायची.”

ती मनात ‘नमः शिवाय’ म्हणत होती. मोजणी कुठे सुटली ते तिला कळलं नाही. बऱ्याच वेळाने डॉक्टर प्रीतम तिच्या चेहऱ्याजवळ वाकले. “माई, फुग्याने जागा मोकळी करतोय. थोडा वेळ छातीत फडफडल्यासारखं होईल. अर्धा मिनट. घाबरायचं नाही.”

मग फडफडलं.

आधी गळ्याशी, मग सगळ्या बरगड्यांच्या आत. हाताच्या मुठीत धरलेल्या पारव्याने सुटायला धडपडावं तसं. तिची नजर वरच्या दिव्यावर खिळली. छत आत ओढलं गेल्यासारखं झालं, कानात पाणी भरलं. हेच म्हणत होता पोरगा. हे छातीत घेऊन तो सायकलवर बसला होता. एमआयडीसीचा चढ तो हे घेऊन चढला होता. अर्धा मिनट झाला की नाही कोण जाणे. फडफड थांबली.

“गुड. व्हॉल्व्ह द्या.”

मग पुन्हा बराच वेळ दाबणं, ओढणं. “वर सरकतोय. थांबा. उघडू नका, परत आत घ्या.” कोणी घाई करत नव्हतं. दुसऱ्या खेपेला कोणीतरी म्हणालं, तिरका बसला. डॉक्टर म्हणाले, “परत घ्या. वेळ आहे आपल्याकडे.” तिसऱ्या खेपेला डॉक्टर म्हणाले, “आता सोडा.” बाजूने थोडं रक्त झिरपतंय म्हणून आणखी एकदा फुगा फुगवला. पुन्हा तीच फडफड. या वेळी रखमाबाई तिची वाट बघत होती.

“बसला, माई,” डॉक्टर म्हणाले. त्यांच्या टोपीखालून घामाचा ओघळ आला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला वॉर्डात आणलं. माधवी औषधं आणायला खाली गेली होती. नाथा थर्मासमधून चहा ओतत होता. कप त्याने स्टुलावर ठेवला होता.

“सुजितचं,” रखमाबाई म्हणाली.

नाथाने थर्मासचं झाकण लावलं.

“त्याच्यातपण दोनच असतील, डॉक्टर म्हणाले. पाकळ्या. जन्मापासनं. माझ्याकडनं आल्या असतील. कामावर गेला नसता तरी कधीतरी झालं असतं.” ती थांबली. पुढचा शब्द कुठे ठेवलाय ते तिला सापडत नव्हतं. “तुमच्यामुळे नाही गेला तो.”

‘तुमच्या’ हा शब्द तिच्याच कानाला परका लागला. नाथाने कप तिच्याकडे सरकवला.

“चहा घे. निवेल.”

“मी काय बोलत्ये?”

“ऐकलं मी.” त्याने थर्मास खाली ठेवला. “डॉक्टर मशीन बघून बोलतात. मी तिथं होतो ना. सायकल मीच बाहेर काढून दिली त्याला.”

“मलापण बोलला होता तो. पारवा फडफडतोय म्हणून. मी मान वर केली नाही. बेल निवडत होते.”

“माहित्येय.”

रखमाबाईने त्याच्याकडे पाहिलं.

“दारातच होतो मी,” नाथा म्हणाला. “चपला घालत होतो.”

पलीकडच्या खाटेवरच्या बाईची सून डबा उघडत होती. भेंडीचा वास आला.

“मग दहाव्याला का नाही बोललात? सगळ्यांच्या देखत मी तुम्हाला...”

“काय बोलणार? तू पण पोरगाच गमावला होतास.” त्याने बशी पुसली. “आणि पाठवला तर मीच.”

“आता तरी ठेवा खाली ते.”

“इतकी वर्षं मीच धरलंय. आता तुझ्या हातात कसं देऊ? तुला डॉक्टरनं वजन उचलायला मनाई केलीये.”

तो हसला नाही. तिलाही हसू आलं नाही, रडूही आलं नाही. छातीतली नवी झडप आपलं काम करत होती. कान दिला तर ऐकू येईल असं तिला वाटलं, पण काही ऐकू आलं नाही. तिने चहा संपवला.

तीन आठवड्यांनी ते सगळे पुन्हा उल्हासनगरला आले. रखमाबाईची तपासणी झाली. डॉक्टर खूश होते. झडप जागेवर होती, गळती नव्हती. बाहेरच्या बारा पायऱ्या ती न थांबता चढली होती आणि ते तिच्या लक्षातही आलं नव्हतं. मग माधवीचं एको झालं. तीन पाकळ्या. मग नातीचं, शलाकाचं. तीन. शलाका ओढणी सावरत बाहेर आली आणि म्हणाली, “आजी, मैं एकदम ओके. उगाच टेन्शन दिलंस.” माधवी बाकावर बसली आणि तिने दोन्ही हातांनी चेहरा झाकला. रखमाबाईने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

एको करणाऱ्या मुलीने फाइल मिटली. दारात नाथा उभा होता.

“माझं राहिलं,” तो म्हणाला.

“आजोबा, लिस्टमध्ये तुमचं नाव नाही.”

“मग लिहा.”

मुलीने डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर प्रीतम चष्मा पुसत आले. “काका, आपको क्या करना है? माईचं बघितलं, तिच्या मुलीचं बघितलं. तुम्हाला काही त्रास आहे का?”

“त्रास नाय. पण पोराला बापाकडनंपण येत असेल ना हे?”

“येऊ शकतं, पण...”

“मग बघा तरी.”

डॉक्टरांनी रखमाबाईकडे पाहिलं. ती दाराजवळच्या स्टुलावर येऊन बसली होती. डॉक्टर मुलीला म्हणाले, “कर दे.”

नाथाने शर्ट काढला, नीट घडी घालून उशाशी ठेवला, त्यावर बनियन. रखमाबाईने त्याची उघडी छाती कित्येक वर्षांत अशी उजेडात पाहिली नव्हती. बरगड्या मोजता येत होत्या. केस सगळे पांढरे. मुलीने त्याला डाव्या कुशीवर वळवलं, जेल लावलं. गार लागून तो शहारला. यंत्राचा पडदा त्याच्या पाठीकडे होता. त्याचं तोंड रखमाबाईकडे. त्या दोघांमध्ये दोन हातांचं अंतर होतं.

यंत्रातून ओल्या मातीत पाय आपटावा तसा आवाज येऊ लागला. मुलगी बटणं दाबत होती.

“किती?” नाथाने विचारलं.

“थांबा, आजोबा. श्वास सोडा. रोखून धरा.”

त्याने श्वास रोखला. डोळे मिटले. ओठ हलले; रखमाबाईला कळलं, तो काहीतरी मागतोय. आयुष्यात कधी त्याने देवाकडे काही मागितलेलं तिने पाहिलं नव्हतं. ते सगळं खातं तिच्याकडे होतं.

“तीन,” मुलगी म्हणाली. “एकदम व्यवस्थित. या वयात असं हृदय आम्हाला बघायला मिळत नाही.”

“नीट मोजा. दोन असतील.”

“मोजल्या, आजोबा. तीनच आहेत. हे बघा ना.” तिने पडदा त्याच्याकडे वळवला. काळ्यात पांढऱ्या रेघा उघडत होत्या, मिटत होत्या. त्याने एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली.

“झालं,” मुलगी म्हणाली. तिने जेल पुसायला त्याच्या हातात कागद दिला आणि पुढचा पेशंट बोलवायला ती बाहेर गेली.

नाथा खाटेच्या कडेला उठून बसला. छाती पुसू लागला. जेल निघून गेलं होतं, कागदाचे तुकडे पडू लागले होते, तरी तो पुसतच होता.

रखमाबाई उठली. भिंतीवरच्या रोलमधून तिने आणखी एक कागद फाडला आणि त्याच्या हातात दिला.